असीम नाही, सुस्मित नाही, तरी इंडियन ओशन

२०१४ च्या हिवाळ्यात पुण्यात, एका कॉलेजच्या मैदानावर, मी इंडियन ओशनला पहिल्यांदा समोर ऐकलं. स्टेजवर पाच जण होते. बेस गिटारवर राहुल राम, पांढरे होत चाललेले केस मोकळे सोडून. मागे ड्रम्सवर अमित किलम. हे दोघे ओळखीचे. बाकी तिघं, म्हणजे गाणारा हिमांशू जोशी, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गिटारवर निखिल राव, माझ्या कल्पनेतल्या फोटोत नव्हतेच. त्या फोटोत चारच माणसं होती, आणि त्यातली दोन आज इथे नव्हती.

माझ्या शेजारी उभा असलेला एक सीनियर म्हणाला, "हा अर्धा इंडियन ओशन आहे." त्याने असीम चक्रवर्तीला लाइव्ह ऐकलं होतं. मी नव्हतं. त्याच्या आवाजात जरा मोठेपणा होता आणि बरंच दुःख होतं. मला त्याचा राग आला, कारण मलाही तेच वाटत होतं.

बँडमधली माणसं बदलली तर बँड तोच राहतो का? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. उत्तर शोधताना मी लंडनला जाऊन पोचलो आणि तिथून, जरा अनपेक्षितपणे, शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडात.

मेमरी कार्डातला बँड

पाथरीत आमच्याकडे रॉक बँड वगैरे प्रकार नव्हता. होतं ते मेमरी कार्ड. २००७ मध्ये 'ब्लॅक फ्रायडे' प्रदर्शित झाला तेव्हा मी आठवीत होतो. मोबाइलच्या दुकानात दहा रुपयांत कार्ड भरून मिळायचं. दुकानदार अख्खे फोल्डर टाकायचा: नवीन हिंदी, जुनी हिंदी, भीमगीतं, कव्वाली, लग्नाची गाणी. अशाच एका फोल्डरमध्ये 'बंदे' होतं. पीयूष मिश्रांचे शब्द आहेत, संगीत इंडियन ओशनचं आहे, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की हे गाणं बाकीच्यांसारखं नाही. ते घाईत नव्हतं. मध्येच गाणारे थांबायचे आणि वाद्यं एकमेकांशी बोलत राहायची.

पुण्यात होस्टेलवर आल्यावर 'कंदिसा' आणि 'झीनी' हे अल्बम मिळाले. मग इंटरनेटवर शोधलं आणि एका रात्रीत दोन गोष्टी कळल्या. ज्या आवाजांवर मी जीव टाकत होतो त्यांतला एक, असीम चक्रवर्तींचा, २५ डिसेंबर २००९ लाच कायमचा थांबला होता. आणि ज्याच्या गिटारमुळे हा बँड अंधारातही ओळखू यायचा तो सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडला होता. मानवत रोडहून रात्रीची गाडी पकडून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना उशिरा पोचायची सवय असते. पण हा उशीर भरून न येणारा होता.

चार माणसं कशी जमली

इंडियन ओशनची सुरुवात दिल्लीतली. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती १९८० च्या दशकात एकत्र वाजवायला लागले, आणि १९९० मध्ये त्यांनी इंडियन ओशन हे नाव घेतलं. राहुल राम १९९१ मध्ये आला. तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी करून आलेला, नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेला. हा धागा आपल्याकडचा आहे. सरदार सरोवरात बुडालेल्या गावांमध्ये तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली गावंही होती. मणिबेली हे त्यातलं सगळ्यांत ठाऊक झालेलं नाव. नर्मदेच्या खोऱ्यात गायलं जाणारं 'मा रेवा' या बँडकडे आलं ते तिथल्या लोकांमधून. ते गाणं आज देशभरातली कॉलेजं गातात, आणि ते मुळात नदीकाठच्या माणसांचं आहे हे बहुतेकांना माहीत नसतं.

पहिला अल्बम १९९३ मध्ये आला. पुढच्या वर्षी ड्रम्सवर अमित किलम आला. म्हणजे ज्या चौघांना आपण 'मूळ' इंडियन ओशन म्हणतो, ते मूळ नव्हतेच. त्यांच्याआधी ड्रम्स आणि बेस वाजवणारी माणसं वेगळी होती, त्यांची नावं आज फारशी कुणी घेत नाही. मूळ कुणाला म्हणायचं हे आपण मागे वळून ठरवतो, आणि बहुतेक वेळा जी माणसं आपल्याला पहिल्यांदा भेटली त्यांनाच तो मान देतो.

तरीही त्या चौघांनी जे केलं ते आधी कुणी केलं नव्हतं. १९९७ चा 'डेझर्ट रेन' हा लाइव्ह अल्बम, २००० चा 'कंदिसा', २००३ चा 'झीनी'. 'कंदिसा' हे केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतलं अरामी भाषेतलं स्तोत्र आहे. 'हिल्ले ले' गोरख पांडेंचं. 'झीनी'त कबीर. हे सगळं एकाच बँडच्या पोटात मावलं, आणि त्याला फ्यूजन म्हणून मोकळं होण्याआधी ते कसं चालायचं हे बघायला हवं.

असीम खाली बसून तबला वाजवायचा आणि त्याच वेळी गायचा. एकाच माणसाच्या अंगात ठेका आणि गळा दोन्ही असल्यामुळे गाणं कुठे सैल सोडायचं आणि कुठे आवळायचं हे तो एकटा ठरवू शकायचा. सुस्मितचा गिटार पाश्चात्त्य कॉर्ड्सपेक्षा सरोद-सतारीच्या वाटेने जायचा. एक तार गुंजत ठेवून दुसरीवर सूर फिरवत नेणारा. वर राहुलचा भरीव बेस आणि अमितचे ड्रम्स. कुणीच कुणाला साथ देत नव्हतं, चौघंही मुख्य होते. करोलबागेतल्या १६/३३०, खजूर रोड या जुन्या घरात त्यांनी वर्षानुवर्षं तालीम केली, आणि पुढे त्या पत्त्याचंच नाव अल्बमला दिलं. २०१० मध्ये त्या अल्बमची गाणी दर महिन्याला एक, इंटरनेटवर फुकट, अशी आली. त्या गाण्यांत असीम होता. ती ऐकायला तो नव्हता.

असीमच्या जागी दोन माणसं लागली, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यांत बोलकं वाटतं. गायला हिमांशू, तबल्याला तुहीन. एका खुर्चीच्या दोन खुर्च्या झाल्या आणि चौघांचा बँड पाच जणांचा झाला. भरून काढायला गेलं की जागेचा खरा आकार कळतो.

लंडनची एक भानगड

इंडियन ओशनच्या संगीताला काही जण प्रोग्रेसिव्ह रॉकच्या जवळचं मानतात. हा प्रकार साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात फोफावला. तीन मिनिटांच्या गाण्याला कंटाळलेल्या पोरांनी दहा-वीस मिनिटांची गाणी रचली, मधूनच ताल बदलले, शास्त्रीय संगीतातून आणि जॅझमधून हवं ते उचललं. असं संगीत वाजवायला तयारीची माणसं लागतात, आणि तयारीची माणसं एका घरात फार काळ नांदत नाहीत. त्यामुळे माणसं बदलण्याचा रोग या बँडांना सगळ्यांत जास्त.

'येस' हा बँड त्याचा नमुना. १९६८ मध्ये जॉन अँडरसन आणि ख्रिस स्क्वायर यांनी तो सुरू केला. १९७२ मध्ये त्यांचा सगळ्यांत नावाजलेला अल्बम 'क्लोज टू द एज' तयार झाला, आणि तो बाजारात यायच्या आत ड्रमर बिल ब्रुफर्ड 'किंग क्रिमसन'मध्ये निघून गेला. त्याच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइटकडे दौऱ्याआधी जेमतेम काही दिवस होते. तो नवा माणूस मग २०२२ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, टिकला.

१९८९ मध्ये तर गंमतच झाली. येसचे चार जुने लोक, अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हाव, एकत्र आले, पण येस हे नाव त्यांना वापरता येईना, कारण ते स्क्वायरच्या गटाकडे होतं. मग त्यांनी चौघांची आडनावंच बँडला दिली. एकीकडे नाव, दुसरीकडे माणसं. १९९१ मध्ये तडजोड झाली आणि दोन्ही गट मिळून आठ जण एकाच स्टेजवर 'युनियन' नावाच्या अल्बमसाठी आणि दौऱ्यासाठी उभे राहिले.

पुढे २००८ मध्ये अँडरसन आजारी असताना स्क्वायरने नवा गायक शोधला तो यूट्यूबवर. बेन्वा डेव्हिड नावाचा हा कॅनडाचा गायक येसचीच गाणी हुबेहूब गाणाऱ्या एका बँडमध्ये होता. नक्कल करणारा खऱ्या जागी जाऊन बसला. २०१५ मध्ये स्क्वायर गेला आणि सुरुवातीच्या पाच जणांपैकी येसमध्ये कुणीच उरलं नाही. बँड चालूच आहे.

आपल्याकडे उलटंही घडलं आहे. मुंबईतला १९८४ चा 'रॉक मशीन' १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झाला. माणसं बरीचशी तीच, पाटी नवी. १९९७ मध्ये तो फुटला आणि २०१० मध्ये काही जुने, काही नवे असे परत जमले.

किर्लोस्कर, गंधर्व आणि 'आता ती मजा नाही'

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं, ही गोष्ट आपण आधी ऐकली आहे. मग लक्षात आलं. ही तर संगीत नाटक मंडळ्यांची गोष्ट.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, १८८२ मध्ये 'सौभद्र' आलं. किर्लोस्कर नाटक मंडळी म्हणजे तेव्हाचा सगळ्यांत मोठा बँड समजा. पाच वर्षांत, १८८५ मध्ये, अण्णासाहेबच गेले. ज्याचं नाव कंपनीला, ज्याची नाटकं, ज्याच्या चाली, तोच नाही. कंपनी बंद पडली का? नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर ती पुढे पंधरा वर्षं गाजली. मग १९०१ मध्ये भाऊरावही गेले.

इथे थोडं थांबू. ग्रामोफोन कंपनीचं भारतातलं पहिलं ध्वनिमुद्रण कोलकात्यात झालं १९०२ मध्ये. म्हणजे भाऊरावांचा आवाज तबकडीच्या एका वर्षाने आधी गेला. ज्या आवाजासाठी लोक बैलगाड्या जुंपून यायचे तो आज कुणीच ऐकू शकत नाही. पण ज्यांनी ऐकला होता ते पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक नव्या नटाला त्याच आवाजाने मोजत राहिले. नव्या नटाची अडचण अशी की ज्याच्याशी तुलना होते आहे तो आवाज दर वर्षी आठवणीत आणखी गोड होत जायचा.

१९०५ मध्ये नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, कंपनीत आले. ते भाऊरावांसारखे गायले नाहीत. १९११ मध्ये खाडिलकरांचं 'मानापमान' आलं, गोविंदराव टेंब्यांनी त्याच्या चाली दिल्या, आणि त्यात हिंदुस्थानी बैठकीतलं, ठुमरीच्या अंगाचं संगीत आलं. किर्लोस्करांच्या वेळचं नाट्यसंगीत आणि हे, यात मोठं अंतर आहे. नाव तेच, पण ऐकू येत होतं ते वेगळं, आणि कंपनी त्यामुळेच पुन्हा उभी राहिली.

त्याच वर्षी कंपनीचे मुख्य नट नानासाहेब जोगळेकर वारले आणि कारभारावरून कुरबुरी वाढल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. आता 'सौभद्र' दोन ठिकाणी. एकीकडे किर्लोस्कर हे नाव, दुसरीकडे ज्यांच्यासाठी लोक तिकीट काढायचे ती माणसं. लंडनमध्ये १९८९ ला झालं तेच, फक्त पाऊणशे वर्षं आधी. किर्लोस्करांनी मग काय केलं? त्यांच्याकडे दीनानाथ मंगेशकर नावाचा कोवळा पोरगा आला. बालगंधर्वांची नक्कल करणं त्याला सोपं गेलं असतं आणि लोकांनी ती विकतही घेतली असती. पण त्याचं गाणं तेज, झेप घेणारं, अगदी वेगळ्या जातीचं निघालं. १९१८ मध्ये तोही बाहेर पडला आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. तिकडे गंधर्व मंडळीतून टेंबे आणि बोडसही पुढे वेगळे झाले.

आणि 'युनियन'सारखंही घडलं आहे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी, आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी चालवली, आणि बापूरावांनंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी. केशवरावांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या त्या कंपनीच्याच नावाने १९६० मध्ये 'पंडितराज जगन्नाथ' रंगभूमीवर आलं. ते बघणाऱ्या किती जणांनी केशवरावांना पाहिलं असेल?

राम राहिला नाही, तिकीट दोन द्या

पाथरीतले माझे एक काका तमाशाचे शौकीन. दर वर्षी जत्रेत ठरलेल्या एका फडाचा तंबू लागला की त्यांचं वाक्य ठरलेलं: "ती बाई गेली तवापासून फडात काई राम राह्यला न्हाई." आणि रात्री जेवण झालं की टॉर्च घेऊन पहिल्यांदा निघणारे तेच. मी एकदा विचारलं, राम नाही तर जाता कशाला? म्हणाले, "बघाया नको का, किती राह्यला न्हाई ते?"

तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, जुन्या बँडच्या नव्या फळीला ऐकायला जाणारा प्रत्येक जण थोडाफार हेच करायला जातो. हरवलेलं मोजायला. मोजता मोजता कधीकधी काहीतरी नवं सापडतं.

नाव कुणाचं, हा वाद किती पेटू शकतो हे पाथरीकरांना वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाची घोषणा केली आणि १९ तारखेला शिर्डी बंद झाली. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशहाने पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाई केली, कारण त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते असं फिरिश्ता लिहितो. पाथरी इमादशाहीत होती, निजामशाहीत होती, मोगलांकडे होती, हैदराबाद संस्थानात होती, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आली आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मालक बदलले, कारभाराची भाषा बदलली. गाव पाथरीच. पण म्हणून प्रत्येक बदल सारखाच होता असं पाथरीत कुणी म्हणणार नाही.

बँडचंही तसंच आहे. 'नाव तेच म्हणजे सगळं तेच' हे खोटं, आणि 'तो गेला म्हणजे संपलं' हेही. कोण आलं, आणि आलेल्याला काय करायची मोकळीक मिळाली, हे बघावं लागतं. किर्लोस्कर मंडळीत नव्याने आलेल्यांना जुन्यांची सावली व्हावं लागलं नाही, म्हणून ती अण्णासाहेबांनंतरही तीन पिढ्यांना पुरली. आजच्या बँडांना ही मोकळीक मिळणं जास्त अवघड आहे. भाऊरावांशी तुलना निदान आठवणीशी होती. असीमशी तुलना यूट्यूबशी आहे, आणि ती हातातल्या फोनवर, कार्यक्रम चालू असतानाच करता येते.

त्या रात्री

मी तीच तुलना करत उभा होतो. सुरुवातीची दोन-तीन गाणी मी ऐकलीच नाहीत, तपासली. इथे असीमने सूर लांबवला असता. इथे सुस्मितची ती खालची तार हवी होती. निखिल रावचा गिटार माझ्या कानाला जास्त इलेक्ट्रिक, जास्त रॉककडे झुकणारा वाटत होता, आणि मी मनातल्या मनात गुण कापत होतो.

मग 'मा रेवा' आलं. राहुल रामने प्रेक्षकांना गायला लावलं, आणि पोरं गायली. मागे उभा असलेला एक मुलगा शब्द चुकवत होता, तरी सगळ्यांत मोठ्याने गात होता. गाण्याच्या मध्यावर निखिलने एक तुकडा वाजवला जो माझ्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. तुहीनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि ठेका बदलला, अमित हसून त्यात शिरला. पुढची दोन-तीन मिनिटं ते पाचही जण गाणं कुठे जातंय हे बघत होते. मीही. तपासायला काही उरलंच नव्हतं, कारण माझ्याकडे याची जुनी प्रत नव्हती.

शेवटी 'कंदिसा' झालं. त्यात मात्र असीम नसल्याचं मला पूर्ण वेळ ऐकू येत होतं, आणि ते लपवायचा कुणी प्रयत्नही केला नाही. शेजारचा सीनियर डोळे मिटून उभा होता. संपल्यावर मी त्याला विचारलं, "अर्धाच वाटला?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुढच्या वेळी कुठे आहे बघून ठेव."